मानाचे पंधरा टक्के

सचिन तेंडुलकरचा आयपीएलमधला पहिला पगार 11 लाख 21 हजार 250 डॉलर होता. शेवटचे 250 बघा. समोरासमोर बसून ठरवलेला पगार असा सुटा निघत नाही, आणि बोलीही ठोक आकड्यांतच चढते. सचिनवर बोली लागलीच नव्हती. 20 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत झालेल्या लिलावात मुंबईच्या संघाने सनथ जयसूर्याला 9 लाख 75 हजार डॉलरला घेतलं, त्यावर पंधरा टक्के चढवले, आणि जो आकडा आला तो सचिनचा पगार झाला. बंगळूरने जॅक कॅलिसला 9 लाखांना घेतलं, म्हणून राहुल द्रविडचे झाले 10 लाख 35 हजार. कोलकात्याने इशांत शर्मासाठी साडेनऊ लाख मोजले, म्हणून सौरव गांगुलीला मिळाले 10 लाख 92 हजार 500. एकोणीस वर्षांच्या पोराच्या बोलीवर पस्तीस वर्षांच्या माजी कर्णधाराची किंमत ठरली, आणि ती पोराच्या वरच राहिली.

नियम एका ओळीचा होता. प्रत्येक संघाला वर्षाच्या पगारासाठी 50 लाख डॉलरची मर्यादा, आणि ज्या संघाकडे ‘आयकॉन’ खेळाडू आहे त्याने त्याला संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा पंधरा टक्के जास्त द्यायचे. मला हे कलम वाचायला फार आवडतं. खेळाच्या कायद्यात इतक्या कमी शब्दांत एवढं नाट्य क्वचित सापडतं. भारतीय खेळात पगाराची मर्यादा आली ती या लिलावातून. नियम घडवले लीगचे तेव्हाचे प्रमुख ललित मोदी आणि त्यांच्या मंडळींनी, पण त्या वेळी क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते काटेवाडीचे शरद पवार. म्हणजे ज्येष्ठ खेळाडूचा मान आणि संघाची तिजोरी यांचा पहिला लेखी मेळ बारामतीचा माणूस मंडळाच्या गादीवर असताना बसला. पवारांचे सासरे सदू शिंदे हे गुगली टाकणारे कसोटीपटू. 1946 ते 1952 या काळात सात कसोटी खेळले, 1951 च्या दिल्ली कसोटीत इंग्लंडचे सहा गडी 91 धावांत बाद केले, आणि 1955 साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक क्रिकेटपटूंना पगाराचा करार माहीत नव्हता. त्या पिढीपासून या कलमापर्यंतचं अंतर लक्षात ठेवलं, की पंधरा टक्क्यांतला मान नीट दिसतो.

आता ते कलम सावकाश वाचू. त्याचं पहिलं सौंदर्य असं, की ज्येष्ठाला ते लिलावाच्या हातोड्याखाली उभं करत नाही. सचिन, सौरव, राहुल, सेहवाग आणि युवराज यांची नावं कोणी पुकारली नाहीत, ‘आणखी कोणी आहे का’ असं त्यांच्याबद्दल कोणी विचारलं नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्याची किंमत चारचौघांत विचारत नाहीत, ती रीत इथे कायद्यात उतरलेली दिसते. दुसरं सौंदर्य याहून बारीक आहे. त्या कलमात ज्येष्ठाची स्वतःची अशी रक्कमच नाही. आहे ते फक्त नातं: तू जेवढा, मी त्याहून पंधरा टक्के जास्त. त्यामुळे संघाने जितका मोठा खेळाडू आणला तितका ज्येष्ठाचा मान वाढतो. घरात कर्तबगार सून आली की सासूचाही रुबाब वाढावा, अशी ही बांधणी.

पण मर्यादा शेजारी ठेवून वाचलं की याच ओळीचा दुसरा अर्थ उघडतो. महेंद्रसिंह धोनीवर बोली चढत गेली ती 15 लाख डॉलरपर्यंत. मुंबईही त्या बोलीत उतरली होती. मुंबईने 15 लाखांना धोनी घेतला असता तर त्याच क्षणी सचिनचा पगार 17 लाख 25 हजार झाला असता. दोघांचे मिळून 32 लाख 25 हजार. मग 50 लाखांतून उरले 17 लाख 75 हजार, आणि त्यात उभा करायचा बाकीचा अख्खा संघ. चेन्नईकडे आयकॉन नव्हता. त्यांना धोनी 15 लाखांत मिळत होता, मुंबईला त्याच धोनीसाठी सचिनसकट सव्वाबत्तीस लाख मोजावे लागत होते. धोनी चेन्नईला जाण्यामागे अनेक कारणं सांगितली जातात. माझ्या मते सगळ्यांत भक्कम कारण ही एक ओळ आहे. पुढची जवळजवळ दोन दशकं चेन्नईचा संघ ज्याच्या नावाने ओळखला गेला, तो माणूस तिथे पोहोचला त्यात सचिनच्या मानाचे पंधरा टक्के आडवे आले, हा मोठा वाटा होता.

म्हणजे कलमाने ज्येष्ठाचा मान राखला, पण त्याचं बिल ज्येष्ठाच्याच संघाकडे पाठवलं.

हे बिल कोणी आधीच ओळखलं असेल तर ते व्हीव्हीएस लक्ष्मणने. हैदराबादचा आयकॉन तोच व्हायचा होता. त्याने ते नाकारलं, संघाला लिलावात हात मोकळा राहावा म्हणून. हैदराबादने मग अँड्र्यू सायमंड्सला साडेतेरा लाखांना घेतलं, आणखी गिलख्रिस्ट घेतला, रोहित शर्मा घेतला, आर. पी. सिंग घेतला. लक्ष्मण आला 3 लाख 75 हजारांना. आता त्याच सूत्राने गणित करून बघा. सायमंड्सच्या साडेतेरा लाखांवर पंधरा टक्के म्हणजे 15 लाख 52 हजार 500. लक्ष्मण आयकॉन राहिला असता आणि सायमंड्सची बोली तिथेच थांबली असती, तर त्या हंगामातला सर्वांत महाग खेळाडू धोनी नसता, लक्ष्मण असता. अकरा लाख सत्त्याहत्तर हजार पाचशे डॉलर त्याने सोडले, तेही कुठलाही गाजावाजा न करता. अर्थात त्याने ते सोडले म्हणूनच सायमंड्सवर इतकी बोली लावणं शक्य झालं, हेही तितकंच खरं. 2008 मध्ये तो संघ तळाला राहिला आणि 2009 मध्ये दक्षिण आफ्रिकेत विजेता ठरला, म्हणून लक्ष्मणच्या निर्णयाला यश-अपयशाच्या फूटपट्टीने मोजायला मी तयार नाही. कलमाचा अर्थ त्याच्याइतका खोलवर त्या वर्षी कोणी वाचला नव्हता, एवढं मला पुरे. आपल्या मानाचा भार शेजारच्या पोरावर पडतो, हे त्याला ओळींमध्ये दिसलं.

पुढच्या वर्षांत आयकॉन गेले, संघात राखून ठेवण्याचे टप्पे आले, डॉलरचे रुपये झाले. तो सगळा पसारा इथे नको. सरळ 2024 च्या सप्टेंबरअखेरीला येऊ. 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला 120 कोटींची मर्यादा मिळाली आणि एक जुनं कलम परत आलं: ज्या भारतीय खेळाडूने गेल्या पाच वर्षांत देशाकडून कसोटी, एकदिवसीय किंवा टी-20 सामन्याच्या अंतिम अकरात जागा मिळवलेली नाही, किंवा ज्याच्याकडे मंडळाचा वार्षिक करार नाही, तो ‘अनकॅप्ड’ धरायचा. अनकॅप्ड म्हणजे देशाकडून न खेळलेला. अशा खेळाडूला राखून ठेवायची किंमत 4 कोटी. धोनी देशाकडून शेवटचं खेळला ते 10 जुलै 2019 ला मँचेस्टरमध्ये, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, न्यूझीलंडच्या गप्टिलच्या थेट फेकीवर धावबाद झाला तो सामना. चेन्नईने त्याला 4 कोटींत राखलं.

यादी वाचण्यासारखी आहे. ऋतुराज गायकवाड 18 कोटी, रवींद्र जडेजा 18, पथिराना 13, शिवम दुबे 12, धोनी 4. एकूण 65, लिलावासाठी उरले 55. यापूर्वीच्या राखणीत, 2022 साली, धोनीला 12 कोटी होते आणि ऋतुराजला 6. दोघांची मिळून 18 कोटींची जागा तेव्हाही होती, आता ती 22 झाली, पण आतली वाटणी पूर्ण उलटली. पुरंदर तालुक्यातल्या पारगाव मेमाणेच्या गायकवाडांचा मुलगा कर्णधार झाला आणि त्याच्या आधीचा कर्णधार त्याच्या पगाराच्या पाव हिश्श्याहूनही कमी रकमेवर त्याच ड्रेसिंगरूममध्ये राहिला. हिशेब म्हणून ही रचना सुरेख आहे. ज्येष्ठाने जागा सोडली नाही, जागेची किंमत सोडली, आणि मोकळे झालेले पैसे पुढच्या पिढीच्या नावावर गेले.

तरीही हे कलम मला लक्ष्मणच्या नकाराइतकं भिडत नाही. कारण ते काम साधतं एक ओळख पुसून. 90 कसोटी, 347 एकदिवसीय आणि 98 टी-20, असे 535 सामने देशासाठी खेळलेल्या माणसाला कागदावर ‘देशाकडून न खेळलेला’ असं लिहावं लागतं, तेव्हा कुठे त्याची स्वस्तातली जागा कायदेशीर होते. 2008 च्या कलमाने ज्येष्ठाला त्याच्या नावासाठी पैसे दिले होते. 2024 च्या कलमाने पैसे वाचवण्यासाठी ते नाव झाकलं. धोनीचं काही बिघडलं नाही, त्याचं नाव कोणत्याही रकान्यात मावत नाही. पण हेच कलम उद्या एखाद्या दहा सामने खेळलेल्या गोलंदाजाला लागेल, तेव्हा त्याच्या आयुष्याची मिळकत ते दहा सामनेच असतील.

क्रिकेटवर एवढं थांबलो, पण बारामती-इंदापूरच्या गावांतल्या पोरांच्या पायाला माती लागते ती कबड्डीची. प्रो कबड्डीतला मर्यादेचा खेळ मी त्यामुळेच जास्त जवळून वाचतो. 2014 ला लीग सुरू झाली तेव्हा संघाची पर्स 60 लाखांची होती आणि सर्वांत महाग खेळाडू, राकेश कुमार, 12 लाख 80 हजारांचा. दहाव्या हंगामात, 2023 साली, पर्स झाली 5 कोटी. त्या वर्षी पुणेरी पलटणने केलेली बांधणी हा मर्यादेखालच्या रचनेचा मी पाहिलेला सर्वांत धीट नमुना आहे. आदल्या वर्षी त्यांनी इराणचा अनुभवी बचावपटू फझल अत्राचली 1 कोटी 38 लाखांना घेतला होता, सोबत नबीबक्ष 87 लाखांना. संघ अंतिम फेरीत गेला आणि जयपूरकडून 29-33 असा हरला. पुण्याने फझलला सोडलं. गुजरातने त्याला 1 कोटी 60 लाखांना उचललं, म्हणजे ज्येष्ठाचा भाव वाढलाच होता. पुण्याने मात्र त्याच्याच देशाचा, वयाने बराच लहान असलेला मोहम्मदरेझा शादलुई 2 कोटी 35 लाखांना घेतला. पाच कोटींतले जवळजवळ निम्मे पैसे एका माणसावर!

हे शक्य झालं, कारण बाकीचा संघ तरुण खेळाडूंच्या कमी पगाराच्या करारांवर उभा होता. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार, आकाश शिंदे, पंकज मोहिते, मोहित गोयत, संकेत सावंत, अभिनेष नादराजन. या लीगमध्ये नव्या खेळाडूला लिलावाबाहेर, स्वस्तात, एकाहून अधिक वर्षांसाठी बांधून घेता येतं. पुण्याने ती पोरं आधी घडवली, नंतर त्यांच्या स्वस्त करारांनी मोकळ्या ठेवलेल्या जागेत एकच प्रचंड रक्कम बसवली. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणाला 28-25 ने हरवून ते विजेते झाले. चढाईपटूंनी गुण आणले, पण सामना बचावाने पेलला. पैसा कुठे ओतला होता ते मैदानावर वाचता येत होतं.

या सुंदर रचनेत एक जागा मात्र रिकामी आहे, आणि ती पुण्याची चूक नव्हे, लीगच्या कायद्याची आहे. जुन्या खेळाडूसाठी इथे एकच सोय दिसते. लिलावात लागलेली शेवटची बोली जुना संघ स्वतः देऊन खेळाडूला परत ठेवू शकतो. यात आपुलकी आहे, पण भाव बाजाराचाच. बाजारात बोलीच लागली नाही तर ही सोय कोणाच्या उपयोगाची? अनुप कुमारने 2016 चा विश्वचषक भारताचा कर्णधार म्हणून जिंकला आणि यू मुंबाला 2015 चं विजेतेपद मिळवून दिलं. 2018 च्या लिलावात मोनू गोयतला 1 कोटी 51 लाख मिळाले, अनुप 30 लाखांना जयपूरला गेला आणि त्याच डिसेंबरात निवृत्त झाला. प्रदीप नरवालचं तर पायरी-पायरीने वाचता येतं: 2021 ला 1 कोटी 65 लाख, 2022 ला 90 लाख, 2024 ला 70 लाख, आणि 2025 च्या लिलावात एकही हात वर गेला नाही. लीगच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक, अठराशेहून जास्त गुण त्याच्या नावावर होते. तो निवृत्त झाला. संघमालकांना मी दोष देत नाही. पाच कोटींच्या पर्सवर बसलेला माणूस 30 लाखांच्या ज्येष्ठाऐवजी 9 लाखांचा पोरगा घेणारच. त्याला तसं करायला कायदाच शिकवतो.

ही अडचण अमेरिकेतल्या बास्केटबॉलने कधीच ओळखली. एनबीएने 1984-85 ला 36 लाख डॉलरची मर्यादा घातली, 2024-25 ला ती 14 कोटी 5 लाख 88 हजारांवर गेली. एवढ्या वर्षांत त्या कायद्यात ज्येष्ठांसाठी बारीक बारीक खाचा पडल्या. आपला खेळाडू मर्यादा ओलांडूनही ठेवता यावा म्हणून लॅरी बर्डच्या नावाने ओळखलं जाणारं कलम आहे. म्हाताऱ्या खेळाडूला लांबलचक करार देऊन वर्षाचा बोजा पातळ दाखवायचा, ही युक्ती अडवणारंही कलम आहे. चार किंवा त्याहून जास्त हंगामांच्या करारात खेळाडू अडतीस ओलांडत असेल, तर त्यापुढच्या वर्षांचे पैसे आधीच्या वर्षांच्या हिशेबात धरले जातात. ज्याने शिवनगरच्या माळेगाव कारखान्याचं किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं ऊसबिल वाचलंय, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पहिली उचल किती, दुसरा हप्ता कधी, दिवाळीला काय, आणि एकरकमी एफआरपी (उसाचा किमान दर) का मागायची, हे त्याला ठाऊक असतं. एकूण रक्कम तीच, पण ती कोणत्या वर्षाच्या खात्यात पडते यावर कोण तरतो ते ठरतं.

पण मला खरं वेड लावलंय ते त्यातल्या एका साध्या कलमाने. एनबीएत किमान पगार अनुभवाप्रमाणे चढतो. 2024-25 ला दोन वर्षांच्या अनुभवाचा किमान पगार होता सुमारे 20 लाख 87 हजार डॉलर, दहा किंवा जास्त वर्षांचा सुमारे 33 लाख 4 हजार. सरळ वाचलं तर हा ज्येष्ठाचा घातच आहे, कारण त्याच कामाला तो बारा लाखांनी महाग पडतो. म्हणून पुढची ओळ येते. तीन किंवा जास्त वर्षांच्या खेळाडूला किमान पगारावर एका वर्षाचा करार दिला, तर संघाच्या मर्यादेत फक्त दोन वर्षांच्या अनुभवाचीच रक्कम धरायची, आणि वरचा फरक लीगने भरायचा.

पुन्हा वाचून पाहा. खेळाडूला त्याच्या वर्षांचा पूर्ण मोबदला मिळतो. संघाला तो दोन वर्षांच्या खेळाडूच्याच भावात पडतो. त्याच्या पांढऱ्या केसांचा भार शेजारच्या पोराच्या पगारावर येत नाही, तो सगळ्यांनी मिळून उचललेला असतो. ‘एका वर्षाचा’ ही अटही विचारपूर्वक घातलेली आहे. तिच्यामुळे कोणी या सवलतीवर चार-चार वर्षं तळ ठोकू शकत नाही, दर वर्षी उतरून सिद्ध करावं लागतं. 2008 चं आयकॉनचं कलम मान देत होतं आणि संघाला वाकवत होतं. 2024 चं कलम संघाला सोडवत होतं आणि मान झाकत होतं. लक्ष्मणला दोन्ही साधण्यासाठी स्वतःच्या खिशातून अकरा-बारा लाख डॉलर द्यावे लागले. एनबीएचं कलम ते काम एका चांगल्या माणसाच्या त्यागावर सोडत नाही. म्हणून वाचलेल्या कलमांत मी त्याला पहिला नंबर देतो.

ते आकाशातून पडलेलं नाही. खेळाडूंची संघटना आणि संघमालक समोरासमोर बसून दर काही वर्षांनी हा अख्खा करार नव्याने लिहितात, त्यातून ते आलंय. आपल्याकडे खेळत्या क्रिकेटपटूंची किंवा कबड्डीपटूंची अशी वाटाघाट करणारी संघटना नाही. 2011 च्या नोव्हेंबरात शेतकरी नेते राजू शेट्टी बारामतीत उपोषणाला बसले तेव्हा उसाच्या दराचं बोलणं टेबलावर आलं. दर मागावा लागतो, हे या भागाला नव्याने सांगायला नको.

म्हणून माझी मागणी इथेच लिहून ठेवतो. प्रो कबड्डीने पुढच्या लिलावाआधी एक ओळ वाढवावी: आठ किंवा जास्त हंगाम खेळलेला खेळाडू संघाने 20 लाखांच्या मूळ किमतीला एका हंगामासाठी घेतला, तर पर्समधून 13 लाखच वजा व्हावेत आणि उरलेले 7 लाख लीगने भरावेत. एका संघाने असे दोन खेळाडू घेतले तरी बारा संघांचे मिळून होतात 1 कोटी 68 लाख. एका शादलुईच्या बोलीपेक्षा कमी.

बारामती-इंदापुरात कबड्डीची मंडळं चालवणाऱ्यांनी, राज्य संघटनेत ज्यांचा शब्द चालतो अशांनी, ही ओळ वर पोहोचवावी. इथल्या माणसांनी खेळांच्या राज्य आणि देश पातळीवरच्या संघटना चालवल्या आहेत, तेव्हा हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं नाही.